बाई बोलायच्या थांबल्या तेव्हा : एका बालवर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या चर्चच्या मंडळीतलं संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, ३१ वर्षं एकाच बाईंनी चालवलं. रविवारच्या उपासनेआधी पाऊण तास, मंदिरामागच्या लांबट खोलीत. मुलं चार ते बारा वयाची. बाईंचं त्यासाठी कसलंही प्रशिक्षण झालेलं नव्हतं. त्यांची थोरली मुलगी तीन वर्षांची असताना उपासनेत गप्प बसेना. पुढच्या बाकावरची दोन पोरंही तिला सामील होती. तिघांना घेऊन बाई मागच्या खोलीत गेल्या आणि तिथेच राहिल्या. म्हणजे वर्ग सुरू झाला तो स्वतःच्या मुलीमुळे. ही गोष्ट पुढे सगळेच विसरलो, मुलगी सोडून.

ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी मंडळीच्या कमिटीचा सचिव होतो, आणि या प्रकरणातली पहिली मोठी चूक बऱ्याच अंशी माझी आहे. तेव्हा हे तटस्थ निरीक्षकाचं टिपण नाही.

बाईंची साधनं मोजकी. प्लायवूडवर निळं फ्लॅनेल ताणून केलेला फळा, आणि पाठीमागे सँडपेपरचे तुकडे डकवलेली कागदी चित्रं. सँडपेपरमुळे चित्र फ्लॅनेलला धरून राहतं. बायबलमधला छोटा दावीद इतक्या वेळा धिप्पाड गल्याथापुढे उभा राहिला होता की त्याचं डोकं दोनदा नव्याने चिकटवावं लागलं. दुसरं साधन म्हणजे शब्द नसलेलं पुस्तक : नुसती रंगीत पानं, अक्षर एकही नाही. लंडनमध्ये स्पर्जन या प्रवचनकारांनी १८६६ साली एका प्रवचनात अशा पुस्तकाविषयी सांगितलं, तेव्हा त्याला तीनच पानं होती. काळं पापाचं, लाल ख्रिस्ताच्या रक्ताचं, पांढरं शुद्ध झालेल्या मनाचं. सोनेरी आणि हिरवं पान नंतर आलं. बाईंचं पुस्तक पाच पानांचं, त्यांनी स्वतः कापडातून शिवलेलं.

तिसरी गोष्ट वही. ती त्यांच्या पिशवीत असायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत काय लिहिलंय हे कोणी कधी विचारलं नाही.

अडचण

जानेवारीतल्या एका सकाळी बाईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं : मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, पण उत्तराचे शब्द हाताशी येत नाहीत. अशा रुग्णांच्या तोंडी कधीकधी एखादाच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी ज्या रुग्णावरून या आजाराचा माग काढला, त्याच्याकडे ‘टॅन’ एवढंच उरलं होतं. बाईंकडे ‘बसा’ उरलं.

पाणी हवं असलं तरी ‘बसा’, उशी सरकवायची असली तरी ‘बसा’. तीन दशकं दर रविवारी वर्गाची सुरुवात ज्या शब्दाने केली, तोच.

वर्ग तीन रविवार बंद राहिला. मुलं मोठ्यांच्या उपासनेत बसली, म्हणजे बाकांखालून फिरली. पटावर १४ मुलं होती. चौथ्या रविवारी त्यातली नऊच आली.

समोरचे पर्याय

कमिटीची बैठक झाली. चार पर्याय निघाले.

बाई बऱ्या होईपर्यंत थांबायचं, हा पहिला. डॉक्टर मुदत सांगायला तयार नव्हते, त्यामुळे थांबणं म्हणजे वर्ग हळूहळू संपू देणं, हे सगळ्यांना कळत होतं. दुसरा, बाहेरून प्रशिक्षित शिक्षिका आणायची आणि तिला मानधन द्यायचं. यावर एक ज्येष्ठ सभासद उखडले, ‘सेवेचे पैसे?’ १७८० मध्ये ग्लुस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली, तेव्हा गरिबांच्या मुलांना शिकवणाऱ्या बायकांना ते पैसे देत होते, हे मी सांगून पाहिलं. आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना वाचायला शिकवण्याची ती शाळा होती, आणि कल्पनेइतकाच तो मोबदलाही जुना आहे. कोणी ऐकून घेतलं नाही. तिसरा, तरुणांनी आळीपाळीने वर्ग घ्यायचा. बाईंनी मागे कोणालाच तयार केलेलं नसल्यामुळे तो कागदावरच राहिला. ३१ वर्षांत त्यांच्या हाताखाली एकही मदतनीस नव्हती. आम्ही याला निष्ठा म्हणत आलो होतो.

चौथा पर्याय बाईंची मुलगी. वय ३४, हिशेबनीस, गळा आईसारखा गोड. लहानपणापासून त्या खोलीत वाढलेली. हा पर्याय मी मांडला आणि पाच मिनिटांत मंजूर झाला. पाच मिनिटांत, आणि तिला न विचारता.

पहिला निर्णय कसा फसला

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधला, प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला उतारा घेतला. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल तिथे लिहितो. प्रवचन चांगलं झालं. शेवटी त्यांनी मुलीचं नाव घेतलं आणि युनीकेचा वारसा आता पुढे चालणार असं जाहीर केलं. लोकांनी मागे वळून पाहिलं. ती बाकावर बसली होती आणि आपलं नाव पहिल्यांदाच ऐकत होती.

तिने पाच रविवार वर्ग घेतला. सहाव्या रविवारी फ्लॅनेलचा फळा आमच्या दाराशी आणून ठेवला.

‘काका, पौलाने तीमथ्याला आईचा वर्ग चालव असं कुठे सांगितलंय?’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या पत्रात लोईस आणि युनीके यांनी काय केलं याचा तपशील जवळजवळ नाही. बालपणापासून तीमथ्याला शास्त्र माहीत होतं, एवढंच पुढे येतं. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याचे वडील ग्रीक होते असं आहे. बाकी सगळं उंबरठ्याच्या आत घडलेलं. आम्ही त्या वचनातून नेमणुकीचं पत्र काढलं.

ती तासभर बसली. तिचं म्हणणं थोडक्यात असं. रविवारी आई सगळ्यांची असायची. शनिवारी चित्रं कापण्यात संध्याकाळ जायची. उपासनेनंतर न आलेल्या मुलांच्या घरी फेरी. घरी सापडायची ती सोमवारी, दमलेली. शिवाय एक जुना प्रसंग होता. तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना दानपेटीतली नाणी त्याने उचलली. बाईंनी ती परत करायला लावली, ते ठीकच. पण पुढच्या रविवारी जक्कयाचा, म्हणजे लुबाडलेले पैसे परत करायला निघालेल्या जकातदाराचा धडा घेताना त्यांनी ती गोष्ट भर वर्गात सांगितली. नाव नाही घेतलं, ‘एका मुलाने’ म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं. दोन-तीन जण हसले. तो सतराव्या वर्षी मंदिरात यायचा थांबला. लोक कारण म्हणून कॉलेजची नावं घेत राहिले.

मुलांमध्ये काम करणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे, आणि ती वाईट मनाने होत नाही. उदाहरण हवं असतं, घरातलं हाताशी असतं. पाळकांच्या आणि शिक्षिकांच्या मुलांना विचारून पाहा, प्रत्येकाकडे असा एक धडा निघेल.

इथे मला सुझाना वेस्ली आठवल्या. एपवर्थचे पाळक असलेले त्यांचे पती १७११-१२ च्या हिवाळ्यात लंडनला होते. तेव्हा त्या रविवारी संध्याकाळी स्वतःच्या मुलांसाठी घरातच प्रार्थना घेऊ लागल्या. शेजारी यायला लागले आणि आकडा दोनशेच्या घरात गेला. आमच्या बाईंसारखीच सुरुवात, स्वतःच्या लेकरांपासून. फरक पुढचा. एकोणीस मुलांना जन्म दिलेल्या त्या बाईने घरातल्या प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ बांधून ठेवली होती. जॉनचा, म्हणजे पुढे मेथडिस्ट पंथ उभा करणाऱ्या मुलाचा, वार गुरुवार. मोठा झाल्यावर तो पत्रातून त्या गुरुवारच्या वेळेची आठवण काढतो. आमच्या बाईंच्या आठवड्यात गुरुवार नव्हता.

वह्या

फळा परत आला तो मार्च महिना होता. एप्रिलमध्ये मुलीने आईचं कपाट आवरलं आणि नऊ वह्या निघाल्या. तिने त्या कमिटीपुढे आणल्या. स्वतःजवळ ठेवायच्या की मंडळीला द्यायच्या, हे तिचं ठरत नव्हतं.

एका पानावर एक मूल. नाव, वाढदिवस, घरी कोण कोण, कशाची भीती वाटते, काय आवडतं. खाली तारखा आणि एका ओळीची नोंद. ‘आजोबा गेले. वर्गात काही बोलला नाही. जाऊन आले.’ ‘चष्मा लागला, चिडवतात. पुढे बसवायचं.’ ‘तीन रविवार नाही. आई-बाबांचं भांडण. काही विचारायचं नाही, नुसतं जायचं.’ त्या शेवटच्या नोंदीतला मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे आणि त्या बैठकीत बसला होता. त्याने पान वाचलं, वही मिटली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

नऊ वह्यांत ४१२ मुलं. सगळ्यांना वाटत होतं की बाईंचा वर्ग म्हणजे गाणी, गोष्टी आणि निळा फळा. वर्गाचा खरा भार या पानांवर होता, आणि तो पाऊण तासाच्या बाहेर उचलला जात होता.

मुलीने नऊही वह्या तपासल्या होत्या. तिचं पान नव्हतं. भावाचंही नव्हतं.

यावर बैठकीत एकाने समजूत घातली : स्वतःच्या मुलांचं लिहून कशाला ठेवायचं, ते मनात असतं. असेल तसंही. तिने आईलाच विचारलं होतं. वही उघडून, पानं उलटून, स्वतःकडे बोट दाखवून. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, ‘बसा.’

त्याचा अर्थ काय घ्यायचा हे मुलीने आम्हाला सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. या वेळी तेवढं शहाणपण होतं.

दुसऱ्यांदा केलेली रचना

या वेळी आधी विचारलं, नंतर ठरवलं. तो बाप झालेला जुना विद्यार्थी आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी, दोघांनी मिळून शिकवायचं ठरलं. बाईंची मुलगी म्हणाली, ‘मी शिकवणार नाही. वहीचं काम करेन, महिन्यातून दोनदा.’ आम्हाला वाटलं होतं ती सगळंच सोडेल. मुळात तिला वर्ग नकोसा नव्हता, आईची जागा नकोशी होती. पहिल्या बैठकीत आम्ही या दोन गोष्टी एकच धरून चाललो होतो.

तीन नियम लिहून काढले. एक, खोलीत कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं. बाई एकट्या असायच्या, दार लावून, कारण चिमुरडी पळून जायची. बाईंबद्दल शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. नेमकं म्हणूनच नियम माणूस पाहून करायचा नसतो. दोन, कोणत्याही मुलाच्या घरची गोष्ट धड्यात उदाहरण म्हणून यायची नाही, शिकवणाऱ्यांच्या मुलांची तर नाहीच. तीन, रंगीत पुस्तकातल्या काळ्या पानाला ‘अंधाराचं पान’ म्हणायचं, म्हणजे काळ्या रंगाची आणि पापाची जोडी मुलांच्या डोक्यात बसणार नाही. तिसऱ्यावर वाद झाला, जुन्या लोकांना तो बारीकसारीक फाजीलपणा वाटला. नियम टिकला.

सगळ्यात अवघड प्रश्न बाईंचा होता. त्यांना वर्गात आणायचं का? काहींना ते क्रूर वाटत होतं, काहींना न आणणं क्रूर वाटत होतं. शेवटी वाचोपचार करणाऱ्या थेरपिस्टला विचारलं. त्यांनी सांगितलं की बोलणं गेलेली माणसं पुष्कळदा गाऊ शकतात, ओळखीच्या चालीबरोबर शब्द येतात. पाठ असलेल्या प्रार्थनेचंही तसंच. पण गाता आलं म्हणजे बोलणं परत आलं असं नाही, ही आशा मुलांना किंवा घरच्यांना लावू नका, हेही त्यांनी ठासून सांगितलं.

जूनच्या पहिल्या रविवारी बाई आल्या. खुर्ची दाराजवळ. फक्त गाण्यांची पंधरा मिनिटं बसायचं ठरलं होतं. दुसऱ्या गाण्याला त्यांचे ओठ हलले, तिसऱ्याला आवाज आला. खरखरीत, पण शब्द पुरे. ध्रुवपदाला त्यांनी सवयीने डावा हात वर केला आणि मुलांनीही केला. गाणं संपलं. एका सहा वर्षांच्या मुलीने त्यांना काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘बसा.’

मुलगी गुपचूप सतरंजीवर बसली आणि शेजारणीच्या कानात म्हणाली, ‘बाई रागावल्यात.’

याची तयारी आम्ही केलीच नव्हती. मोठ्यांना सगळं समजावलं होतं, मुलांना नाही. पुढच्या रविवारी कॉलेजातल्या मुलीने सांगितलं : बाईंना काय म्हणायचंय ते त्यांना माहीत आहे, फक्त शब्द सापडत नाहीत, म्हणून एकच शब्द सगळ्यासाठी वापरतात. मुलांना हे दोन मिनिटांत पटलं. थोड्याच दिवसांत ती आपसात ‘बसा’चे अर्थ लावायला लागली, आणि ते अर्थ बहुतेक वेळा आमच्यापेक्षा बरोबर असायचे. ऑगस्टमध्ये कोणीतरी ते कापडी पुस्तक बाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने एकेक पान उलटलं, प्रत्येक पानावर थांबून, मुलांकडे पाहत. मुलं रंगांचे अर्थ सांगत गेली. शब्द नसलेलं पुस्तक शिकवायला शब्द लागत नाहीत, हे इतकं उघड असून आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

परिणाम

वर्षअखेर पटावर १७ मुलं होती. या आकड्याला फार अर्थ देऊ नये, त्यातली चार एकाच नव्या कुटुंबातली आहेत. शिकवण्याचा दर्जा कमी-जास्त आहे. जुना विद्यार्थी गोष्ट फार लांबवतो. बाईंचं बोलणं थोडं सुधारलं, ‘बसा’च्या जोडीला ‘हो’ आणि मुलीचं नाव आलं.

बाईंचा मुलगा उपासनेला येत नाही. आईला गाडीतून दारापर्यंत आणतो, खुर्चीवर बसवतो आणि गाणी संपेपर्यंत गाडीत थांबतो. एका रविवारी एका वडीलधाऱ्यांनी त्याला गाठून संत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची गोष्ट सांगितली : ऑगस्टीन किती भरकटला होता, आईने वर्षानुवर्षं त्याच्यासाठी अश्रू ढाळले, आणि अखेर ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं. ‘माझ्या आईला माझ्यासाठी रडायला वेळ कुठे होता?’ एवढंच म्हणाला आणि काच वर केली. त्यानंतरचे दोन रविवार बाईंना त्याच्या बहिणीने आणलं.

बाईंचा प्रभाव टिकला का, असं मला विचारतात. व्हरांड्यात जाऊन उभा राहिलेला बाप आणि गाडीत बसून राहिलेला मुलगा, दोघेही त्याच बाईंनी घडवले आहेत. एकाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याला वगळायचं, हे मला जमत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

व्यासपीठावरून नाव जाहीर करण्याआधी एक फोन करायला हवा होता. तिने तेव्हाच नकार दिला असता तर मार्चमधला तो तास फेब्रुवारीत झाला असता आणि पाच वाईट रविवार वाचले असते.

पण खरी संधी आम्ही कितीतरी आधी घालवली होती. दहा वर्षांपूर्वी बाईंना जोडीला माणूस दिलं असतं, तर निदान महिन्यातला एक रविवार त्या आपल्या मुलांसोबत बाकावर बसल्या असत्या. त्यांनी कधी मागितलं नाही हे खरं. आम्ही कधी विचारलं नाही हेही तितकंच खरं, आणि त्यात आमची सोय होती. दरवर्षी शाल देऊन सत्कार करणं मदतनीस शोधण्यापेक्षा सोपं होतं.

वह्यांच्या बाबतीत आमची घाई झाली. त्यांत कुटुंबांची भांडणं आहेत, आजार आहेत. भर बैठकीत त्या हातोहात फिरायला नको होत्या. त्या बापाने स्वतःचं पान सगळ्यांसमोर वाचलं, हे नशिबाने निभावलं. आता जुन्या वह्या मुलीच्या ताब्यात आहेत. ज्याला स्वतःचं पान पाहायचं असेल त्याने तिच्याकडे जायचं आणि एकट्याने वाचायचं. आजवर सहा जण गेले.

दहावी वही सुरू झाली तेव्हा शिकवणाऱ्यांच्या मुलांचीही पानं करायची असं ठरलं. पहिली दोन पानं त्या बापाच्या मुलांची आहेत. तिसरं पान मुलीने कोरं ठेवलंय. ते भावासाठी का, असं मी विचारलं. वही बंद करत ती म्हणाली, ‘त्याला विचारल्याशिवाय नाव लिहिणार नाही, काका.’

अजून विचारलेलं नाही.